मामाच्या पोटातल्या किल्ल्या

मंडळी, आमच्या हॉस्पिटलात मी ज्याची फिरकी घेतली नाही, असा माणूस अजून जन्माला यायचाय! आणि जन्माला येणार तो आमच्याच तिसऱ्या मजल्यावर. म्हणजे तोही सुटत नाही!

मी एक्स-रे काढतो. तळघरात बसतो. सव्वीस वर्षं झाली. "अंगावर काही धातूचं असेल तर काढून ठेवा. श्वास घ्या. धरून ठेवा. सोडा!" एवढ्या चार वाक्यांवर संसार केला. आमची ही म्हणते, "लोकांचा श्वास सोडवता तरी. माझा सव्वीस वर्षं धरूनच ठेवलाय!"

आता माझी कर्तबगारी ऐका. आमचे मोठे डॉक्टर पोटाची ऑपरेशनं करतात. त्यांच्या खुर्चीची उंची मी रोज अर्धं बोट कमी करत गेलो. महिन्याअखेर डॉक्टरांची हनुवटी टेबलाला टेकली. त्यांना वाटलं, मणका खचतोय! मानेचा एक्स-रे काढून घेतला. तोही माझ्याकडूनच!

पण माझं हक्काचं गिऱ्हाईक म्हणजे लिफ्टमामा. माझ्याहून चार वर्षांनी मोठा, पण आमचं अरेतुरेचं. तो मला 'फोटोवाल्या' म्हणतो. आमची लिफ्ट म्हातारी. दाराला लोखंडी जाळी, ती ओढायला दोन्ही हात लागतात. आणि किल्ली फिरवल्याशिवाय लिफ्ट हलत नाही. मग जाळी ओढताना किल्ल्यांचा जुडगा मामा कुठे धरणार? दातांत! मांजरीने पिल्लू धरावं तसा. अख्खं हॉस्पिटल वीस वर्षं हे बघतंय. "मामा, गिळशील एखाद दिवशी!" असं त्याला प्रत्येकाने निदान एकदा तरी म्हटलेलं आहे.

हे वाक्य जरा लक्षात ठेवा. मी विसरलो होतो.

पूर्वी फोटो निघाला की मी पिवळ्या पाकिटात घालायचो आणि पाकीट मामाच्या हातात द्यायचो. मामा ते वर वॉर्डात पोचवायचा. डॉक्टर खिडकीपाशी जाऊन उजेडात फोटो धरायचे, कधी उलटा, कधी सुलटा. दिवसातून वीसदा मामा तळघरात यायचा. वीसदा शिव्या, वीसदा हसणं, चारदा चहा.

मग सिस्टीम आली. आता मी बटण दाबलं की फोटो कॉम्प्युटरातून थेट रिपोर्टवाल्या बाईंकडे. या बाई डॉक्टर आहेत, दुसऱ्या मजल्यावर अंधाऱ्या खोलीत दोन पडद्यांसमोर बसतात आणि दिवसाला दीडशे फोटो वाचतात. पेशंटचं तोंड बघत नाहीत. आतडी बघून ओळखतात. त्यांनी रिपोर्ट लिहिला की तो वॉर्डातल्या कॉम्प्युटरवर आणि डॉक्टरांच्या फोनवर दिसतो. तातडीचा असेल तर बाई लाल खूण करतात, आणि मग सगळ्यांचे फोन एकदम कोकलायला लागतात.

आणि ही सिस्टीम भारी संशयी! जरा काही केलं की पडद्यावर चौकट येते: 'नक्की?' आम्ही 'होय' दाबतो. 'खरंच नक्की?' होय! दिवसाला दोनशे वेळा होय. चौकटीत काय लिहिलंय ते आमच्या हॉस्पिटलात आजवर कोणी वाचलेलं नाही. बोहल्यावर चढतानासुद्धा मी दोन मिनिटं विचार केला होता, इथे तेवढाही नाही.

सिस्टीम आली आणि पाकिटं गेली. मामा तळघरात यायचाच थांबला. चहा एकट्याने प्यायचा म्हणजे... जाऊ दे.

तर त्या दिवशी मामाची अर्ध्या दिवसाची रजा होती. त्याच्या पोरीला लांबच्या शहरात नोकरी लागली होती. पाचची गाडी. आई लहानपणीच गेली, मामानेच वाढवली तिला. पंधरा दिवस लिफ्टमध्ये येणाऱ्या प्रत्येकाला तो तेच सांगत होता. "मोठी बॅग मीच चढवणार. खिडकीची जागा मिळालीय. गाडी हलेपर्यंत मी खिडकीशी उभा राहणार!" ज्याला दुसऱ्या मजल्यावर उतरायचं होतं, त्याला तो हे ऐकवत चौथ्यावर नेत होता.

सकाळी मला म्हणाला, "फोटोवाल्या, मी दोनला निघणार. दोन म्हणजे दोन!"

असा माणूस सुखाने जाऊ द्यावा की नाही? द्यावा. पण मला वाटलं, जाण्याआधी याला दहा मिनिटं तळघरात बोलवावं. एक चहा, एक हसू. दहाच मिनिटं हो!

आमच्याकडे मशीन तपासायला प्लास्टिकचं एक धड आहे. आत हुबेहूब हाडं. डोकं नाही, म्हणून आम्ही त्याला 'साहेब' म्हणतो. जेवणाच्या सुट्टीत मी साहेबांना टेबलावर निजवलं, त्यांच्या पोटावर माझ्या घराच्या किल्ल्यांचा जुडगा ठेवला आणि बटण दाबलं. काय फोटो आला! साहेबांच्या पोटात सात किल्ल्या, आणि मधोमध एक मासा. माझ्या जुडग्याला बाटली उघडायचा पितळी मासा आहे ना, तो.

आता फोटोवर मामाचं नाव हवं. सिस्टीम शिकवायला आलेल्या माणसाने बजावलं होतं, खोटा पेशंट करायचा तर नावाआधी 'सराव' लिहायचं; मग तो फोटो कोणाकडे जात नाही. पण 'सराव लिफ्टमामा' असं वाचून मामा फसेल का? मी 'सराव' पुसलं. मामाचं खरं नाव टाकलं. तक्रारीच्या रकान्यात लिहिलं: 'किल्ल्यांचा जुडगा गिळला.' चौकट आली. होय. दुसरी चौकट. होय. तिसरी जरा लांबलचक होती. होय, होय, होय!

तिसऱ्या चौकटीत काय होतं ते मला नंतर कळलं. 'या नावाचा पेशंट आधीच आहे. हा फोटो त्याच्या फाइलला जोडून रिपोर्टसाठी पाठवू का?'

मी चहा सांगायला बाहेर गेलो. दोन कप.

परत येतो तो खिशातला फोन कोकलला. बाजूच्या खोलीतला कोकलला. जिन्यात दोन कोकलले. मी धावत जाऊन पडदा बघितला. बाईंचा रिपोर्ट आला होता: 'पोटात धातूच्या सात वस्तू, किल्ल्यांच्या आकाराच्या. माशाच्या आकाराची एक वस्तू, अन्नाचा भाग असण्याची शक्यता कमी. तातडीचे. मणका वयाच्या मानाने अत्यंत उत्तम.'

साहेबांचा मणका! प्लास्टिकचा!

मी जिन्याकडे धावलो, पण वॉर्डबॉय माझ्या आधी निघाले होते. स्ट्रेचर घेऊन लिफ्टमध्येच शिरले. मामाने जुडगा दातांत धरला, जाळी ओढली, जुडगा काढला आणि विचारलं, "कोणासाठी रे? कितव्या मजल्यावर?"

"तुमच्यासाठीच, मामा! आडवे व्हा!"

मी चौथ्या मजल्यावर धापा टाकत पोचलो तेव्हा मामा स्ट्रेचरवर होता. एका हातावर सिस्टर सुई शोधत होत्या. दुसऱ्या हाताने मामा किल्ल्या नाचवत होता.

"अहो सिस्टर, किल्ल्या या बघा! या! हातात आहेत माझ्या!"

मोठे डॉक्टर फोनच्या पडद्यावरून नजर न काढता म्हणाले, "मामा, एक जुडगा बाहेर आहे म्हणून दुसरा आत नाही, असं थोडंच आहे?"

"दुसरा जुडगाच नाही हो मला!"

"आता नाहीच. गिळलात ना!"

"मी कशाला गिळू?"

"मामा," सिस्टर मायेने म्हणाल्या, "मी तुम्हाला किती वेळा सांगितलं होतं!"

सगळ्यांनी माना डोलावल्या. सगळ्यांनीच सांगितलं होतं.

मी पुढे झालो. म्हटलं, आता लपवण्यात अर्थ नाही. "डॉक्टर, मी केलं हे. चेष्टा होती. फोटो खोटा आहे!"

डॉक्टरांनी पहिल्यांदाच फोनवरून मान वर केली. माझ्याकडे बघितलं. आणि खो-खो हसले!

"वा! पेशंट ऑपरेशनच्या दारात, आणि तुमची चेष्टा सुरूच! खुर्ची खाली गेली तेव्हासुद्धा तुम्ही मला मणका खचलाय म्हणून सांगितलं होतं."

"ती चेष्टा होती, हे खरं आहे!"

"आणि हे?"

"हीसुद्धा चेष्टाच! म्हणजे फोटो चेष्टा आहे. मी सांगतोय ते खरं आहे!"

"हे बघा," डॉक्टर म्हणाले, "सिस्टीममध्ये रिपोर्ट आहे. लाल खूण आहे. मी सिस्टीमवर विश्वास ठेवू की तुमच्यावर?"

मंडळी, प्रश्न रास्त होता. सव्वीस वर्षांच्या मेहनतीचं फळ होतं ते!

मी बाईंना फोन लावला. "बाई, त्या माझ्या घराच्या किल्ल्या आहेत!"

"अगं बाई! मग या गृहस्थांच्या पोटात कशा गेल्या?"

"पोटात नाहीतच हो त्या!"

"मला दिसतायत," बाई म्हणाल्या आणि फोन ठेवला. त्यांना अजून एकशे दहा वाचायचे होते.

मामाने मान वळवून माझ्याकडे बघितलं. "फोटोवाल्या, किती वाजले?"

"अडीच."

"पोरगी वाट बघत असेल रे."

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. सिस्टरनी तो शांतपणे बंद केला. पेशंटचा पायजमा चढवल्यावर मामाचं घड्याळ, पट्टा आणि फोन प्लास्टिकच्या पिशवीत घालून पिशवी चिकटपट्टीने बंद केली. वर मामाच्या नावाची चिठ्ठी लावली. "किल्ल्या?" त्यांनी विचारलं. मामा म्हणाला, "दिल्या." मला काहीतरी खटकलं, पण मी दुसऱ्याच विचारात होतो.

मी डॉक्टरांना विनवलं, "निदान एक नवा फोटो काढू या! नवा साफ आला तर सोडाल ना?"

हे त्यांना पटलं. "काढा. मग चारला दुर्बीण घालू."

आता मामाला तळघरात न्यायचं होतं, तर लिफ्ट कोण चालवणार? मामाशिवाय ती कोणाचं ऐकत नाही! शेवटी स्ट्रेचरवर आडव्या मामाने लिफ्टच्या दाराशी हात लांबवून स्वतःच किल्ली फिरवली आणि स्वतःलाच खाली नेलं. किल्ली त्याने कुठून काढली आणि कुठे ठेवली, हे गर्दीत कोणाच्या लक्षात आलं नाही. माझ्यासुद्धा नाही.

घड्याळ पळत होतं. मामाला टेबलावर घेतलं. "श्वास घे. धरून ठेव. सोड." फोटो काढला, पाठवला. होय, होय, होय. म्हटलं, झालं! सुटलो!

मामाला परत चौथ्यावर नेलं. बाईंच्या रांगेत आमचा नंबर लागेपर्यंत चार वाजायला आले, आणि सगळे फोन पुन्हा कोकलले.

रिपोर्ट: 'पोटात किल्ल्यांच्या आकाराच्या पाच वस्तू. मासा दिसत नाही. मणका गेल्या तासाभरात पुष्कळ झिजलेला.'

डॉक्टर गंभीर झाले. "दुपारी सात होत्या, आता पाच. दोन पुढे सरकल्या!"

"आणि मासा?" सिस्टरनी घाबरून विचारलं.

"पचला असेल," एक वॉर्डबॉय म्हणाला.

"पितळेचा?" मी ओरडलो.

"तुम्हाला काय माहीत पितळेचा ते?" सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

आणि तेव्हा मला आठवलं. सव्वीस वर्षं दिवसातून साठ वेळा म्हणतो ते वाक्य, आज एकदाच म्हणायचं होतं, तेच राहिलं होतं: अंगावर काही धातूचं असेल तर काढून ठेवा!

"मामा! किल्ल्या कुठायत?"

मामाचा चेहरा चोरी पकडल्यासारखा झाला. पायजम्याच्या नाडीला, बरोबर बेंबीखाली, जुडगा बांधलेला होता. "लिफ्टची किल्ली मी सख्ख्या भावालाही दिलेली नाही," तो पुटपुटला. "पिशवीत कशी टाकू?"

मी खाली धावलो. एका खांद्यावर साहेब घेतले, हातात माझा जुडगा घेतला, आणि पुन्हा पाच मजले चढलो. वाटेत दोन पेशंटच्या नातेवाइकांनी बिनडोक्याचा माणूस बघून किंकाळी फोडली. साहेबांना डॉक्टरांच्या टेबलावर आदळलं. त्यांच्या पोटावर किल्ल्या ठेवल्या. शेजारी पडद्यावर दुपारचा फोटो उघडला.

"मोजा! सात! हा मासा! हा डोळा! आणि हा तुमचा उत्तम मणका!"

डॉक्टरांनी मासा उचलला, पडद्यासमोर धरला, खाली ठेवला. कोणी हसलं नाही. माझ्या आयुष्यातली ही पहिली फिरकी, जी उलगडल्यावर कोणीच हसलं नाही.

"सोडा त्यांना," डॉक्टर म्हणाले. घड्याळात चार पस्तीस झाले होते.

मामा पायजमा सावरत माझ्या स्कूटरवर बसला. छातीशी ती चिकटवलेली पिशवी. वाटेत मी चारदा "मामा, माफ कर" म्हटलं. तो फक्त एकदा म्हणाला, "पुढे बघ."

स्टेशनवर पोचलो तेव्हा पाच वाजून सात मिनिटं झाली होती. फलाट रिकामा. झाडूवाला शेंगांची टरफलं गोळा करत होता.

मामाने दातांनी पिशवी फाडली. फोन सुरू केला. सोळा वेळा येऊन गेली होती तिची रिंग. त्याने फोन लावला. मी दोन पावलं मागे उभा राहिलो.

"बाळा... चढलीस का?... बॅग कोणी चढवली?... बरं. खिडकी मिळाली ना?... रडू नकोस गं. नाही, मला काही झालं नाही. लिफ्ट मध्येच अडकली. मी आतच राहिलो. हो... हो, जुनीच आहे ना ती."

माझं नावसुद्धा घेतलं नाही त्याने! शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. वीस वर्षं मी त्याच्या शिव्यांवर जगलो.

दुसऱ्या दिवशी मोठ्या डॉक्टरांनी मला चार लोकांसमोर झापलं, आणि ते योग्यच होतं. मी सिस्टीमवाल्या माणसाचे पाय धरले: "तेवढा रिपोर्ट पुसून टाक बाबा."

"पुसता येत नाही. खाली दुरुस्ती जोडता येते."

"म्हणजे वरचं तसंच राहणार?"

"कायमचं. जो डॉक्टर फाइल उघडेल त्याला आधी चूक दिसेल, मग दुरुस्ती."

मग मीच खाली टाइप केलं: 'वरील किल्ल्या व मासा एक्स-रे काढणाऱ्याचे आहेत. पेशंटचा काही दोष नाही.' खाली माझं नाव. चौकट आली: 'नक्की?' त्या दिवशी मी ती चौकट पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचली, दोनदा, आणि मग होय दाबलं.

मामा माझ्याशी बोलायचा बंद झाला. भांडण नाही, काही नाही. जुडगा आता तो गळ्यात दोरीला बांधतो. दात रिकामे असतात, तरी तोंड उघडत नाही. मी लिफ्टशी गेलो की जाळी ओढली जाते आणि लिफ्ट वर जाते. रिकामी! मी जिना चढतो. ब्याऐंशी पायऱ्या आहेत, कोणाला हव्या असतील तर. चहा मात्र अजून दोन सांगतो, सवय. दुसरा साहेबांपुढे ठेवतो.

तीन महिन्यांनी माझ्या गुडघ्यांनी संप पुकारला. स्वतःच स्वतःचे फोटो काढले, धातू काढून. बाईंचा रिपोर्ट आला: 'दोन्ही गुडघे झिजलेले. जिने टाळावेत.' मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! कागदावर छापून घेतला आणि लिफ्टशी जाऊन उभा राहिलो. मामाने जाळीला हात घातला, तेवढ्यात मी कागद आत सरकवला.

मामाने तो वाचला. सावकाश. दोनदा. मग तीन महिन्यांत पहिल्यांदा माझ्याशी बोलला.

"गुडघे तुझेच ना?"

"माझेच रे!"

"का साहेबांचे?"

"साहेबांना गुडघे कुठायत, मामा! नुसतं धड आहे ते!"

त्याची मिशी हलली. डावीकडून, जराशी. मी एक पाय आत टाकणार, एवढ्यात त्याने कागदाची घडी करून माझ्या खिशात परत ठेवली.

"मोठ्या डॉक्टरांना सिस्टीममध्ये बघायला सांगतो. तोवर ये जिन्याने."

जाळी ओढली. लिफ्ट वर गेली.

मी चढलो. ब्याऐंशीच्या ब्याऐंशी. पण मंडळी, त्याची मिशी हलली होती, मी या डोळ्यांनी पाहिली! हे घरी हिला सांगितलं, सिस्टरना सांगितलं, वॉर्डबॉयना सांगितलं.

कोणाचा विश्वास बसायला तयार नाही!